जुना गॅस-गीझर बदलतांना

संसारांत कांहीं वस्तु अशा असतात कीं, त्या बिघडेपर्यंत त्यांची कोणी विचारपूस करीत नाहीं. न्हाणीघराच्या भिंतीवर टांगलेला गॅसचा गीझर ही त्यांतलीच एक वस्तु होय. जळगांव आणि धुळें या शहरांत तर तिच्या वाट्याला वर्षांतून सातआठ महिने पूर्ण विस्मरण येतें. मे महिन्यांत ज्या गांवीं पारा ४५ अंशांच्या घरांत जातो आणि गच्चीवरील टाकीचें पाणीच अंगावर घेववत नाहीं, तेथें पाणी तापविण्याच्या यंत्राची आठवण कोणास व्हावी? परंतु दिवाळी उलटते, गार वारा सुटतो, धुळ्याचा पारा एखाद्या पहांटे पांचसहा अंशांपर्यंत उतरतो, आणि घरोघर एकदम ध्यानांत येतें कीं, गीझर पेटत नाहीं. पेटला तर भडका घेऊन पेटतो. पाणी कोमट येतें. किंवा सांध्यांतून थेंब ठिबकत राहतो. मग घाईघाईनें दुकान गांठलें जातें, नवें यंत्र जुन्याच खिळ्यांवर टांगून जुन्याच नळ्यांना जोडलें जातें, आणि घरांतील मंडळी निश्चिंत होतात.

हा निश्चिंतपणाच या विषयांतील मुख्य धोका आहे. जुना गीझर काढणें म्हणजे केवळ एक यंत्र बदलणें नव्हे. त्या यंत्राला गॅस कोठून येतो, पाणी कोठून येतें, जळण्यासाठीं हवा कोठून मिळते, आणि जळून उरलेला वायु कोठें जातो, या चारहि वाटा तपासण्याची ती वेळ असते. यांपैकीं पहिल्या दोन वाटा डोळ्यांना दिसतात, म्हणून त्यांची थोडीबहुत काळजी घेतली जाते. उरलेल्या दोन दिसत नाहींत. आणि गॅसच्या गीझरामुळें बंद न्हाणीघरांत माणसें दगावतात तीं बहुधा या न दिसणाऱ्या वाटा बुजल्यामुळें.

खानदेशांतील मागल्या पिढ्यांच्या घरांत पाणी तापविण्याचें साधन म्हणजे तांब्याचा बंब. मधोमध उभें नळकांडें, त्याच्या भोंवतीं पाणी, खालीं जाळी आणि तिच्याखालीं राखेची जागा, अशी त्याची रचना. जळणाला कपाशीच्या पऱ्हाट्या, तुराट्या, लांकडाच्या ढलप्या, जें घरीं असेल तें चाले. हा बंब बहुधा परसांत किंवा अंगणांत असे. त्याचा धूर डोळ्यांना झोंबे, म्हणून त्याला घरांत घेण्याचें कोणाच्या मनांतहि येत नसे. पाणी तापलें कीं बादलींत काढून न्हाणींत न्यावयाचें. विस्तव बाहेर आणि स्नान आंत, हा नियम कोणी शिकविला नव्हता. धुरानेंच तो घालून दिला होता. गॅसला धूर नाहीं. त्यामुळें गीझर आला तसा विस्तव निमूटपणें न्हाणीघरांत शिरला, दाराला आंतून कडी लागली, आणि थंडीच्या दिवसांत खिडकीहि बंद झाली.

पाश्चात्य देशांतहि या यंत्राचा प्रारंभ असाच झाला. बेंजामिन वॅडी मॉगन या लंडनच्या गृहस्थानें १८६८ सालीं वाहतें पाणी तत्काळ तापविणारें गॅसचें यंत्र तयार केलें आणि आइसलंडांतील उष्णोदकाच्या कारंज्यावरून त्यास ‘गीझर’ असें नांव दिलें. त्या यंत्राला धुराडें नव्हतें. जळालेला वायु खोलींतच राही. पुढें अनुभवानें तिकडे धुराड्याची सोय झाली. आपल्याकडे मात्र पांचसहा लिटरांचे जे लहान गीझर सर्रास विकले जातात, त्यांपैकीं पुष्कळांना आजहि धुराडें नसतें. तेव्हां अशा यंत्राच्या पोटांत काय घडतें, हें नीट समजून घेतलें पाहिजे.

नळ सोडला कीं पाणी यंत्रांतील एका रबरी पडद्याजवळून वाहूं लागतें. पडद्याच्या दोन्ही बाजूंच्या दाबांत फरक पडतो, पडदा सरकतो, आणि त्याला लागून असलेली दांडी गॅसची झडप उघडते. त्याच क्षणीं विजेरीच्या सेलांच्या बळावर ठिणगी पडते आणि बर्नर पेटतो. वर तांब्याचें पेटारें असतें. त्याच्या पातळ पंखांमधून ज्वालेची उष्णता नळींतल्या पाण्यांत उतरते. पाणी बंद होतांच पडदा मागें येतो आणि ज्योत विझते. रचना चतुर आहे. परंतु पडदा, झडप आणि पंख हीं तिचीं तीन अंगें वयानें थकतात. पडदा कडक होतो, झडपेंत कचरा बसतो, आणि पंखांत काजळी सांचते.

आतां थोडा हिशेब पाहूं जातां या लहान यंत्राची भूक ध्यानांत येते. मिनिटाला ६ लिटर पाणी २५ अंशांनीं तापवावयाचें, तर दर मिनिटास १५० किलोकॅलरी उष्णता पाण्याला मिळाली पाहिजे. वाया जाणारा भाग धरला म्हणजे सुमारे १८० किलोकॅलरी होतात. एक किलो गॅसपासून जवळजवळ ११,००० किलोकॅलरी उष्णता निघते. म्हणजे दहा मिनिटांच्या स्नानास साधारण १६५ ग्रॅम गॅस जळतो. १४.२ किलोच्या सिलिंडरावर अशीं सुमारें पंचाऐंशी स्नानें होतात. खर्चाचा हा हिशेब गृहिणी करतात. हवेचा मात्र कोणी करीत नाहीं. एक किलो गॅस पुरता जळण्यास सुमारे साडेपंधरा किलो हवा लागते. त्या मानानें १६५ ग्रॅम गॅस निदान ७५ घनफूट हवा खातो. सहा फूट लांब, चार फूट रुंद आणि आठ फूट उंच अशा न्हाणीघरांत एकंदर हवा १९२ घनफूट. दार व खिडकी घट्ट लावून दहा मिनिटें स्नान केलें, तर तेथील प्राणवायूचा तिसऱ्या भागाहून अधिक अंश ज्वालेनेंच संपविला, असा याचा अर्थ होतो. एकामागून एक तिघांनीं स्नान केलें म्हणजे काय होईल, तें निराळें सांगावयास नको.

हवा अपुरी पडूं लागली कीं गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड नांवाचा वायु उत्पन्न होतो. त्याला रंग नाहीं, वास नाहीं, चव नाहीं, आणि तो डोळ्यांना झोंबतहि नाहीं. आपल्या रक्तांतील तांबडें द्रव्य प्राणवायु वाहून नेतें. परंतु या विषारी वायूशीं तें प्राणवायूच्या दोनशेंहून अधिक पट आवेगानें जोडलें जातें. मग श्वास चालूं असतो, छाती हलत असते, पण शरीराला प्राणवायु पोंचत नाहीं. आधीं डोकें जड होतें, मळमळतें, पाय लटके पडतात. आणि दाराची कडी काढावी हें सुचण्यापूर्वींच शुद्ध हरपते.

यासंबंधीं एक गैरसमज फार खोल रुजलेला आहे. “गॅस गळला तर वास येईलच कीं!” असें सुशिक्षित घरांतहि ऐकूं येतें. हें खरें आहे. पण तें न जळलेल्या गॅसविषयीं. स्वयंपाकाच्या गॅसला स्वतःचा उग्र वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यांत मर्कॅप्टन नांवाचें दुर्गंधी द्रव्य मुद्दाम मिसळतात. ज्वालेंत हें द्रव्यहि जळून जातें. म्हणून जळून निघालेल्या विषारी वायूला तो वास असत नाहीं, आणि नाकावर विसंबून राहणारा मनुष्य फसतो. ब्रिटनमधील कोळशाच्या खाणींत या वायूची सूचना मिळावी म्हणून पिंजऱ्यांतले लहान पक्षी १९८६ पर्यंत बरोबर नेत असत, यावरूनच मनुष्याच्या इंद्रियांचा येथें इलाज चालत नाहीं, हें उघड होतें. विख्यात फ्रेंच कादंबरीकार एमिल झोला २९ सप्टेंबर १९०२ रोजीं पॅरिसमध्यें आपल्या शयनगृहांत मृत झाला तो याच वायूनें. शेगडीच्या धुराड्याची वाट बुजली होती. विस्तव नेहमींचाच होता, खोलीहि नेहमींचीच होती. वाट तेवढी बंद होती.

जुना गीझर आतां काढलाच पाहिजे, हें कशावरून ओळखावें? निळी असावयाची ज्योत पिंवळी आणि लांब झाली. यंत्राच्या वरच्या कडेला किंवा भिंतीवर काळा डाग पडूं लागला. पेटतांना उशीर होऊन भडका येऊं लागला. नळ बंद केल्यावरहि ज्योत क्षणभर रेंगाळूं लागली. किंवा स्नान करून आलेल्या मंडळींचें डोकें वारंवार दुखूं लागलें, तर यंत्राचा वापर त्याच दिवशीं थांबवावा. जाणत्या कारागिराकडून साफ करवून हे दोष गेले तर ठीक. पेटारें गळत असेल, झडप अडकत असेल, किंवा सुटे भाग मिळत नसतील, तर दुरुस्तीच्या मागें लागूं नये.

नवें यंत्र घेण्यापूर्वीं एक प्रश्न स्वतःस विचारावा, तो असा कीं, गॅसचाच गीझर हवा काय? खानदेशांत वर्षांतील बहुतेक दिवस लख्ख ऊन असतें. स्वतःची गच्ची असेल तर सूर्याच्या उन्हावर पाणी तापविण्याची योजना येथें चांगली चालते. विजेच्या गीझरांतहि हा विषारी वायु उत्पन्न होत नाहीं, मात्र त्याची विजेची जोडणी निर्दोष हवी. गॅसचाच घ्यावयाचा ठरलें, तर त्यावर भारतीय मानक संस्थेची खूण पाहावी. या लहान गीझरांसाठीं आय.एस. १५५५८ हें मानक ठरलेलें आहे. तसेंच यंत्र सिलिंडरांतील गॅसवर चालणारें कीं नळानें येणाऱ्या नैसर्गिक वायूवर, हें नीट विचारावें. दोहोंचे दाब आणि बर्नरचीं छिद्रें निराळीं असतात. एकाचें यंत्र दुसऱ्याला तसेंच जोडतां येत नाहीं.

यानंतरचा प्रश्न जागेचा, आणि सर्वांत महत्त्वाचा तोच. नवा गीझर जुन्या खिळ्यांवर टांगूं नये; तो न्हाणीघराच्या बाहेर न्यावा. मागील अंगण, उघडा सज्जा, गच्चीवरील आडोसा, अशी जागा उत्तम. पावसाचें पाणी आणि वाऱ्याचा थेट झोत लागणार नाहीं एवढें पाहावें, कारण वाऱ्यानें ज्योत विझते. धुळ्याच्या जुन्या पेठांतील दाटीच्या घरांत परस लहान असलें, तरी तेवढी जागा बहुधा निघते. नव्या इमारतींतील बिऱ्हाडांत मात्र एक सावधगिरी हवी : न्हाणीघरांमागें नळांसाठीं जो अरुंद चौक ठेवलेला असतो, त्यांत यंत्र लावलें तर जळालेला वायु वरच्या बिऱ्हाडाच्या खिडकींतून आंत शिरूं शकतो. आपल्या घरांतली विषबाधा शेजाऱ्याच्या घरांत ढकलणें हा कांहीं उपाय नव्हे. घराच्या आंतच यंत्र लावणें भाग असेल, तर धुराडें थेट बाहेर सोडलेलें, आणि शक्यतों जळण्याची हवाहि बाहेरूनच घेणारें यंत्र निवडावें. भिंतींतील पंखा म्हणजे धुराडें नव्हे. वीज गेली कीं तो थांबतो, आणि हवा आंत येण्यास वाट नसेल तर तो चालूनहि उपयोग नाहीं.

आतां गॅसच्या नळीकडे वळावें. नवीन यंत्राला जुनी नळी कधींहि जोडूं नये. तारेचें अस्तर असलेली नारिंगी रंगाची सुरक्षा-नळी दर पांच वर्षांनीं बदलावयाची असते, आणि तिच्यावर वर्ष छापलेलें असतें. नळी दीड मीटरपेक्षां लांब नसावी, तिच्या मधोमध सांधा नसावा, ती भिंतींतून आरपार नेऊं नये, आणि आरंभापासून शेवटपर्यंत डोळ्यांना दिसावी. भिंत ओलांडावयाचीच असेल, तर तेथें धातूचा नळ घालून दोन्ही टोकांस झडप बसवावी आणि तें काम गॅस-वितरकाच्या माणसाकडूनच करून घ्यावें. चुलीच्या नळीवर तिवाटी जोडून गीझराला गॅस नेण्याची चाल अतिशय घातक आहे. सिलिंडर उभा, जमिनीच्या पातळीवर आणि मोकळ्या हवेंत असावा. हा गॅस हवेपेक्षां जड असतो. गळला तर तो खालीं सांचतो, म्हणून तळघर, खड्डा किंवा गटाराचें तोंड यांच्याजवळ सिलिंडर ठेवूं नये.

पाण्याच्या नळांची गोष्ट निराळी. तेथें जीवाला धोका कमी, पण नव्या यंत्राचें आयुष्य तेथेंच ठरतें. कल्हईच्या लोखंडी नळांचीं जुनीं घरें असतील, तर भिंतींतील अर्ध्या इंची नळ आंतून गंज आणि क्षार यांनीं पेन्सिलीएवढा अरुंद झालेला असणें संभवतें. पाणी अपुरें आलें कीं पडदा सरकत नाहीं, आणि दोष नव्या गीझरावर येतो. असा नळ उकलतांना जोर केला तर त्याचा आटा भिंतींतच तुटतो. म्हणून आधीं तेल सोडून थोडा वेळ थांबावें आणि दोन पान्यांनीं, एकानें धरून दुसऱ्यानें फिरवून, सांधा सोडवावा. तांब्याचें अंग लोखंडी नळाला थेट भिडवूं नये. ओलसर सांध्यांत त्या दोन धातूंचें जमत नाहीं आणि लोखंड लवकर खातें. मध्यें पितळी जोड घालावा.

जळगांव हें नळांच्या कारखान्यांचें गांव. १९८० च्या सुमारास तेथें पीव्हीसी नळांची निर्मिति वाढीस लागली आणि शेतोशेतीं ते पसरले. घरांत त्या नळांचे तुकडे सहज पडलेले असतात, आणि ते गीझराच्या गरम तोंडाला जोडण्याचा मोह होतो. हा मोह टाळला पाहिजे. साधा पीव्हीसी नळ ६०-७० अंशांपुढें ताठरता गमावूं लागतो आणि सांध्यांत सुटतो. गरम पाण्यासाठीं सीपीव्हीसी जातीचा नळ घ्यावा. तो सुमारे ९० अंशांपर्यंतची उष्णता सोसतो. तरीहि यंत्राला लागून पहिला हातभर भाग धातूचा किंवा जाळीदार लवचिक नळीचा असलेला बरा.

दाबाचाहि विचार हवा. पाण्याच्या दर दहा मीटर उंचीला चौरस सेंटिमीटरमागें सुमारे एक किलो दाब मिळतो. तरुण विश्वेश्वरय्या १८८४ सालीं मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यांत दाखल झाले, तेव्हां खानदेशांत त्यांनीं केलेल्या पहिल्या कामांत पांझरा नदी ओलांडणाऱ्या नळाच्या सायफनचें काम होतें. पाणी खालीं उतरून पुन्हां आपल्या पातळीकडे चढतें, हें तत्त्व त्यामागें होतें. घरांतील टाकीलाहि तेंच तत्त्व लागू. सर्वांत वरच्या मजल्यावर टाकी न्हाणीघराच्या डोक्यावरच असेल, तर तीन मीटरच्या उंचीला तीन दशांश किलोच दाब मिळतो, आणि तोहि वांकणांत खर्च होतो. यंत्राला किमान किती दाब हवा तें त्याच्या पत्रकांत पाहून मगच तें घ्यावें. शिवाय ज्या घरांत विंधणविहिरीचें जड पाणी वापरतात, तेथें तापलेल्या नळींत चुन्याचा थर बसतो. यास्तव पाणी उगाच कढत न करतां अंगाला लागेल तितकेंच तापवावें, आणि थंडीपूर्वीं दरवर्षीं एकदां पेटारें व गाळणी साफ करवावी.

काम संपल्यावर तपासणी केल्याशिवाय कारागिराला निरोप देऊं नये. प्रथम यंत्र जोडण्यापूर्वीं नळांतून बादलीभर पाणी वाहूं द्यावें, म्हणजे गंज गाळणींत अडकणार नाहीं. गॅसच्या प्रत्येक सांध्यास साबणाचा फेस लावावा; बुडबुडा उठला कीं गळती आहे. काडी ओढून गळती पाहणें हा अविचार होय. ज्योत निळी आहे, नळ बंद होतांच ती विझते, आणि पुन्हां सोडतांच भडका न येतां पेटते, हें तीनचार वेळां पाहावें. गॅसची गळती सांगणारें यंत्र आणि कार्बन मोनॉक्साइडची सूचना देणारें यंत्र हीं दोन वेगळीं आहेत. एक असलें म्हणजे दुसऱ्याचें काम होत नाहीं.

नवा गीझर बसेपर्यंतचे चार दिवस जुनाच वापरणें अपरिहार्य असेल, तर बादल्या आधीं भरून घ्याव्या, गीझर व सिलिंडर दोन्ही बंद करावे, दार-खिडकी उघडून कांहीं वेळ हवा जाऊं द्यावी, आणि मगच स्नानास बसावें. बंबाच्या काळांतील रीति ती हीच. मुलें व वृद्ध मंडळी आंत असतांना आंतून कडी लावण्याचा आग्रह धरूं नये.

इतकें करूनहि कोणी आंत निपचित पडलेला आढळला, तर दार मोडून प्रथम गॅस बंद करावा, खिडक्या उघडाव्या, आणि त्या मनुष्यास ताबडतोब मोकळ्या हवेंत आणावें. सोडविणाऱ्यानें स्वतः आंत रेंगाळूं नये. श्वास थांबला असेल तर कृत्रिम श्वसन सुरू करून रुग्णालयांत न्यावें. तेथें पोंचतांच “गॅसच्या गीझरापाशीं सांपडला” हे शब्द वैद्यास सांगावे, कारण या विषबाधेंत चेहरा गुलाबी दिसून फसवणूक होऊं शकते, आणि उपचार म्हणजे विलंब न लावतां भरपूर प्राणवायु देणें हाच आहे. न जळलेल्या गॅसचा वास आला, तर विजेचें बटण चालूं किंवा बंद न करतां बाहेर पडावें आणि १९०६ या क्रमांकास दूरध्वनि करावा.

नव्या यंत्राला कांहीं हजार रुपये पडतात. तें चार हात पलीकडे, भिंतीबाहेर नेण्यास नळाचे चार तुकडे आणि कारागिराचा आणखी अर्धा दिवस. बहुतेक घरांत काटकसर होते ती नेमकी या अर्ध्या दिवसाची. थंडी पडण्यापूर्वीं, दसऱ्याच्या साफसफाईंतच हें काम उरकलें, तर घाई करण्याचें कारण राहत नाहीं, आणि भिंतीवरचा जुना खिळा टॉवेल टांगण्यास मोकळा होतो.